सव्वासहा क्विंटलांचे रोट

बोरपिंप्रीच्या झुंबरबाईच्या हातचे रोट साऱ्या भाऊबंदकीने खाल्ले होते. खाल्ले नव्हते ते एकट्या झुंबरबाईने. आणि यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

बोरपिंप्री म्हणजे धुळ्याहून बसने तासाभरावरचं, पांझरेकाठचं गाव. तिथे पाटलांची एकोणीस घरं, सगळी एका भाऊबंदकीतली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, घरातले असतील नसतील ते दागिने चढवायचे आणि देवीला चौरंगावर बसवायचं. त्याआधी भाऊबंदकीतल्या दर पुरुषामागे सव्वा शेर गहू मोजून दळून आणायचे. त्या पिठाचे गुळाच्या पाण्यात भिजवलेले जाड रोट करायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. तुकडाही उरला तर पुढच्या वर्षी कानबाई या भाऊबंदकीत पाऊल टाकत नाही, अशी त्यांची समजूत. आणि खायचे ते फक्त भाऊबंदांनी. लग्न होऊन आलेली सून घरची झाली, तिने खायचे. लग्न होऊन गेलेली लेक परक्याची झाली, तिने पाहायचे.

झुंबरबाई लग्न होऊन गेली होती. फक्त परत आली होती. यावलला दिली होती तिला. वर्षभरात नवऱ्याने दुसरी केली आणि थोरला भाऊ चुडामण बसने जाऊन बहिणीला एका पेटीसह घेऊन आला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आता साठीची आहे. नवरा अजून यावलला केळीच्या बागेत धडधाकट हिंडतो. म्हणजे तिचं कुंकू शाबूत, म्हणून तिने कानबाईचा स्वयंपाक केलेला चालतो. पण कुंकू त्या घरचं, म्हणून तिने खाल्लेलं चालत नाही. यावलहून तर तिला कधी कोणी रोट धाडला नाही. एकेचाळीस वर्षं ती हजारो रोट भाजत आली, आणि देवीचं म्हणून बोटाला लागलेलं पीठसुद्धा चाटलं नाही. मरायच्या आधी एकदा तरी त्या पंगतीत बसून एक रोट खायचा, एवढं एकच तिच्या मनात होतं. ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणाला? विचारलंच नव्हतं कोणी.

बाकी तिच्यावाचून भाऊबंदकीचं पान हलत नसे. गहू मोजायला तीच बसायची, कारण नावं तिलाच पाठ होती. एकेक नाव घ्यायची, माप ओतायची. गेल्या वर्षी मात्र घोटाळा झाला. जळगावला रिक्षा चालवणाऱ्या रविंद्रला ऐन मोजणीच्या दिवशी दुपारी मुलगा झाला आणि फोन पोहोचेपर्यंत गहू चक्कीवर गेले होते. रविंद्रने आकाशपाताळ एक केलं. माझा मुलगा मोजला नाही, आता माझे रोट वेगळे, म्हणाला. रोट वेगळे झाले म्हणजे भाऊबंदकी फुटली. त्याला समजावता समजावता भाऊबंदकीत सर्वांत वडील, एक्क्याऐंशी वर्षांच्या भटूआबांचा रक्तदाब वर गेला.

तेव्हा बैठक बसली. मोजणी आता माणसाने करायची नाही, कॉम्प्युटरने करायची. चुडामणची धाकटी मुलगी पुनम जळगावला वेब प्रोग्रामिंगचा क्लास करत होती आणि तिला शेवटच्या परीक्षेसाठी एक चालतंबोलतं पेज करून दाखवायचंच होतं. पण आकडा आल्यावर त्यावरही भांडण झालं तर? मग सगळ्यांनी कानबाईच्या नारळावर हात ठेवून शपथ घेतली, की पेज जे सांगेल त्यावर कोणी एक शब्द बोलायचा नाही. वाद घालणं हाच ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विरंगुळा, त्यांनी न पाहिलेल्या आकड्यापुढे तोंडाला कुलूप लावून घेतलं.

आषाढात पुनम लॅपटॉप घेऊन घरी आली आणि ओट्यावर बसून मोठ्याने पाठ करू लागली. शेजारी तिची फुई, म्हणजे आत्या, झुंबरबाई गहू निवडत होती.

"कंपोनंट म्हणजे पेजचा एक स्वतंत्र तुकडा. त्याची माहिती त्याच्याजवळ, त्याची कामंही त्याच्याजवळ. त्या कामांना म्हणायचं मेथड. बाहेरच्याने मेथडला नावाने हाक मारायची, तिला लागेल ते कंसात द्यायचं आणि उत्तर घ्यायचं. आत डोकावायचं नाही."

"चक्की," झुंबरबाई मान वर न करता म्हणाली.

"काय फुई?"

"चक्कीच शे ना ती. डबा देवाना, जाडं का बारीक ते सांगानं, पीठ लेवानं. पट्टामा हात घालाना नही."

पुनम बघतच राहिली. हेच समजावायला क्लासच्या प्रशील सरांनी तीन आठवडे घेतले होते आणि फळ्यावर एक मोटार काढली होती. ती मोटार पुनमला शेवटपर्यंत कळली नव्हती. तिने लॅपटॉप बाजूला सारला आणि फुईच्या पुढ्यात मांडी घालून बसली. प्रोग्रामिंगमधला क्लास म्हणजे साचा, आणि त्या साच्यातून निघालेली एकेक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, हे झुंबरबाईला सांगावंही लागलं नाही. तिने नुसतं हूं केलं. आयुष्यभर एका आकाराचे रोट थापणाऱ्या बाईला साचा काय शिकवायचा?

मग नावं घालायचं काम सुरू झालं. पुनमने साचा असा केला होता की प्रत्येक पुरुषाला त्याचा बाप दिल्याशिवाय तो तयारच होत नसे. बाप कंसात दिलाच पाहिजे. यात तिची चूक म्हणता येणार नाही. बोरपिंप्रीत बापाचं नाव सांगितल्याशिवाय पिठाची गिरणीसुद्धा डबा घेत नाही.

"भटूआबा. बाप?"

"दौलत."

"दौलतचा बाप?"

"उखा. उखाना बाप नथ्थू. नथ्थूना बाप..."

असं करत करत आठ दुपारी गेल्या आणि झुंबरबाईने चौदा पिढ्या उतरवून दिल्या, पार मूळपुरुष भिका पाटलापर्यंत. तिथे पुनमला हात टेकावे लागले, कारण भिकाचा बाप झुंबरबाईलाही ठाऊक नव्हता. त्याला बिनबापाचा ठेवायला एक खास सवलत लिहावी लागली. नावं सांगताना झुंबरबाई तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दलही तो आत्ताच बैल घेऊन वावरात गेलाय अशा सुरात बोलायची.

पुनमने प्रत्येक नावापुढे एक चौकोन ठेवला होता: मयत. भटूआबांना पेज फोनवर दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून तेवढा एकच शब्द वाचला आणि भडकले. "देवीना कामले हाऊ शब्द? काढ तो पहिले!" पुनमने काढला. त्या वेळी खाण्याचा नियमही तिने त्यांनाच विचारून घेतला. आबा म्हणाले, "ज्यानं मूळ भिका पाटील, त्यानी खावाना. आनि त्या घरमा लगीन करीसन उनी, तिनी." पुनमने शब्दाला शब्द लावून तशी मेथड लिहिली.

नवव्या दुपारी चुडामणचं नाव घालून झालं. पुनमने विचारलं, "आता तुझं, फुई."

"मनं कसाले? मी तथली."

"तू तिथली असशील. बाप बदलला का तुझा?"

झुंबरबाई सुपातले गहू निवडत राहिली.

"हे बघ. लग्न नावाची एक मेथड आहे. ती चालली की तुझं घर बदलतं. पण तू वना पाटलाची लेक म्हणून तयार झालीस, ते कसं बदलेल? वस्तू ज्या साच्यातून निघाली त्यातलीच राहते. दुसऱ्या डब्यात ठेवली म्हणून काही ती वेगळी होत नाही."

झुंबरबाईने सूप खाली ठेवलं. "परत सांग."

पुनमने परत सांगितलं. झुंबरबाईने आणखी दोनदा सांगायला लावलं. एकेचाळीस वर्षांत इतकी साधी गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती, आणि सांगितली ती कोणत्या तरी क्लासच्या वहीतून वाचून. तिला आनंदही झाला आणि राग तर भयंकर आला. कोणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं. ती एवढंच म्हणाली, "लिख मंग. पन कोनले सांगू नको." पुनमने लिहिलं: झुंबर वना. मग बाकीच्या लेकीही लिहिल्या, झुंबरबाईला आठवतील तितक्या.

मोजणीच्या दिवशी सारी भाऊबंदकी चुडामणच्या अंगणात जमली. भटूआबांनी हळदकुंकू वाहून फोनवरचं बटण दाबलं. बटणाने मूळपुरुष भिकाला हाक मारली: तुझे रोट किती? भिकाने आपला सव्वा शेर धरला आणि आपल्या मुलग्यांना विचारलं, त्यांनी आपापला धरून त्यांच्या मुलग्यांना विचारलं, असं खाली रविंद्रच्या अकरा महिन्यांच्या पोरापर्यंत. पोर मोजलं गेलं. रविंद्र खूश झाला. मग बेरीज वर आली. पुरुष पाचशे छत्तीस. गहू सव्वासहा क्विंटल.

हयात पुरुष होते सत्तेचाळीस. दरवर्षी पन्नास-पंचावन्न किलोत भागायचं. पुनमच्या ध्यानात चूक तत्क्षणी आली: 'मयत'चा चौकोन काढल्यावर गेलेल्यांना वगळायला काही शिल्लकच नव्हतं. ती तोंड उघडणार तोच भटूआबांनी हात वर केला. "शपथ शे." सगळ्यांनी माना खाली घातल्या. चारशे एकोणनव्वद मेलेल्या पाटलांचे गहू जिवंतांनी आपापसात वाटून घेतले आणि चक्की दोन दिवस हूं की चूं न करता चालली. चक्कीवाल्याने विचारलं, लग्न आहे का? चुडामण म्हणाला, हो.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी वाजतगाजत नदीवर गेली. मागे राहिले रोट. त्यांच्या थप्प्या आधी परातीत, मग पलंगावर, मग खाटांवर, शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धुतलेल्या चादरीवर. शनिवारी पौर्णिमा. लहानथोर धरून खाणारी तोंडं एकशे साठ.

माणसं सकाळी चहात रोट बुडवू लागली, दुपारी वरणात, संध्याकाळी दुधात. बाहेरच्याच्या नजरेसमोर खायचं नाही, म्हणून धुळ्याच्या कचेरीत कारकून असलेला प्रेमराज फायलींच्या कपाटाची दारं उघडून त्यांच्या आडोशाला उभा राहून खायचा. रविंद्र जळगावात रिक्षाचे दोन्ही पडदे सोडून खायचा. बाहेरून गिऱ्हाईक ओरडायचं आणि आतून उत्तर यायचं नाही. पेजवर प्रत्येक नावापुढे 'खाल्लं' अशी खूण करायची सोय होती. लोक आपलं खाऊन झालं की एकेका पूर्वजाच्या नावाने खायचे आणि त्याच्यापुढे खूण करायचे. चुडामणने मंगळवारी एका बैठकीत पणजोबा आणि दोन चुलत पणजोबा उरकले आणि बुधवारी तो उठलाच नाही. त्याची बायको कुंदाबाई त्याच्या पोटावर हिंगाचा लेप लावत म्हणाली, "नथ्थूबाबा जिवंतपनी इतला खाये का, तुम्ही त्यास्ना करता खाई ऱ्हायनात?"

झुंबरबाई पिठाच्या ढिगापुढे बसून होती. भाजून संपतच नव्हते. चहूबाजूंनी रोटच रोट, आणि लोक ते बघून तोंड फिरवत होते. तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. हे सांगताना माझं मलाच बरं वाटत नाही, पण सुटायचं.

गुरुवारी बैठक बसली. निम्म्याहून अधिक रोट शिल्लक. कोणी म्हणालं, आकडा कमी करता येतो का. शपथ. कोणी म्हणालं, गुरांना घालू. गुरांचं मूळ भिका पाटील नाही. शेवटी भटूआबा कण्हत म्हणाले, "पोरी, हाऊ कितला खावाना ते सांगस. खाणारा कोन कोन ते बी सांगस का?"

सांगत होतं. पुनमने दुसरं बटण दाबलं. यादी उघडली आणि आबा वाचू लागले. वाचता वाचता थबकले. "ह्या तं लेकी शेत! ह्या कशा काय उन्यात?"

"तुम्हीच सांगितलं होतं आबा," पुनम म्हणाली. "ज्याचं मूळ भिका पाटील. त्यांचंही तेच आहे."

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. यादी तीच होती. बाकीचे वीस-पंचवीस पुरुष पोटावर हात ठेवून त्यांच्याकडे आशेने बघत होते. चौदा पिढ्यांचा रिवाज एका बाजूला आणि ट्रॉलीभर रोट दुसऱ्या बाजूला. "शपथ शे," आबा म्हणाले, आणि सगळ्यांनी इतका मोठा श्वास सोडला की कोपऱ्यातला कुत्रा उठून गेला.

फोन सुरू झाले. यादी चुडामणच्या हातात दिली. तो एकेक नाव वाचायचा, कोणीतरी नंबर लावायचा. शिरपूर, सुरत, असोदा, जामनेर. माजघराच्या दाराआड झुंबरबाई हातात उलथणं धरून उभी होती. आपल्या बापाच्या लेकींची नावं आली की तिला कळणार होतं. आलीच. लताबाई वना, सुरत, लावा फोन. मग चुडामण म्हणाला, "झुंबर... ही घरमाच शे," आणि त्याने पुढचं नाव वाचलं.

तव्यावरचा रोट करपला. एकेचाळीस वर्षांतला पहिला.

पुनम शुक्रवारच्या परीक्षेसाठी जळगावला निघाली होती. पिशवी भरता भरता झुंबरबाईने तिला विचारलं, "पुनम, ती मेथड लिखेल ऱ्हास. मंग ती आपली आपन चालस का?"

"नाही फुई. लिहिलेली नुसती पडून राहते. कोणीतरी नावाने हाक मारावी लागते."

"कोनी मारीच नही तं?"

"तर कधीच चालत नाही," पुनम म्हणाली आणि बस चुकेल म्हणून धावली. तिला बिचारीला काय माहीत, प्रश्न कशाचा होता.

शुक्रवारी लेकी आल्या. सत्तरीच्या, पन्नाशीच्या, परवा लग्न झालेल्या. जावयांना वेशीवरच्या चहाच्या टपरीवर बसवून ठेवलं, कारण त्यांचं मूळ वेगळं. आणि त्या बायकांनी जे खाल्लं, ते बघून पुरुषांच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षानुवर्षांची भूक होती ती. लताबाईने सुरतेहून येऊन बसलेल्या जागी आपलं, बापाचं आणि आज्याचं खाल्लं, खुणा केल्या आणि ओरडली, "झुंबर, गरम आन ना!" झुंबरबाईने गरम नेऊन वाढला. बहिणीला बघून बहिणीचं भरलं पोट, असं ती स्वतःला सांगत होती. ते खोटं होतं. तिला रडू येत होतं.

शनिवारी दुपारपर्यंत ट्रॉली रिकामी झाली, खाटा मोकळ्या झाल्या, पराती पालथ्या पडल्या. चार वाजता भाऊबंदकी अंगणात पाय पसरून पडली होती आणि मधोमध ताटात एक रोट होता. शेवटचा. त्याच्याकडे बघायलाही कोणी तयार नव्हतं. लेकी हात जोडत होत्या. प्रेमराजला नुसत्या वासाने उचकी लागली. सूर्य मावळायच्या आत तो संपला नाही, तर कानबाई पुढच्या वर्षी येणार नव्हती.

"कोनं नाव बाकी शे, देखा," भटूआबा आडवे पडल्या पडल्या म्हणाले.

रविंद्रने फोन काढला. खाली खाली सरकवत गेला. भिका पाटील, खूण. नथ्थू, खूण. त्याचा अकरा महिन्यांचा मुलगा, खूण. "एकच शे," तो म्हणाला. "झुंबर वना."

माजघरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता. चुडामण एकदम उठून बसला. बसमधून पेटी आणि बहीण घेऊन आलेला माणूस तो. या बहिणीच्या हातचे एकेचाळीस वर्षांचे रोट त्याच्या पोटात होते, आणि परवा यादीतलं तिचं नाव त्यानेच ओलांडलं होतं. त्याला हुंदका आला. तो पोटामुळे नव्हता.

तो माजघराच्या दारात गेला. "झुंबर," त्याने हाक मारली. "ऊठ, बहीन. जेवाले बठ."

भांड्यांचा आवाज थांबला. झुंबरबाईने हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. अंगणात आली. कुंदाबाईने पाट मांडला. झुंबरबाई पाटावर बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रोटाचा तुकडा मोडून तोंडात घातला. चावला. दीडशे माणसं श्वास रोखून तिच्या जबड्याकडे बघत होती.

तिने घास गिळला आणि भावाकडे बघितलं.

"गूळ कमी शे," ती म्हणाली.

तिने ताटातला रोट फिरवून पाहिला.

"दरसाल इतलाच घालस मी. एकेचाळीस वरीस. तुम्ही बठ्ठा खाई ऱ्हायनात, आनि कोनी सांगं बी नही?"

भटूआबा कोपरावर रेलून उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना लाज वाटल्यासारखी दिसली. "आम्हले वाटे," ते म्हणाले, "तुले तसाच आवडस."

"माले काय आवडस," झुंबरबाई म्हणाली, "ते माले तरी कसं माहीत व्हई, आबा?"

आणि तिने दुसरा तुकडा मोडला.